जुन्या बाजारातून रेकॉर्ड घेताना काय बघायचं

पुण्यातला जुना बाजार भरतो बुधवारी आणि रविवारी, मंगळवार पेठेत, आणि गाण्यांच्या जुन्या रेकॉर्ड हव्या असतील तर माल पसरत असतानाच तिथे पोचायचं, कारण दुपारी जाणाऱ्याला मिळतं ते सकाळी दहा जणांनी हातात घेऊन परत ठेवलेलं. मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर बाजार भरतो, तिथे तर लोक टॉर्च घेऊनच येतात. टॉर्च तुम्ही पुण्यातही न्या, रेकॉर्ड तपासायला लागते, ते पुढे सांगतो.

पण खरं सांगू का, या दोन्ही बाजारांपेक्षा चांगला माल मला रद्दीवाल्यांकडे मिळालाय. जुना वाडा किंवा चाळ रिडेव्हलपमेंटला गेली की माळे रिकामे होतात, आणि आजोबांच्या रेकॉर्ड पितळी भांड्यांबरोबर किंवा वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर खाली उतरतात. आपल्या भागातल्या दोन-तीन रद्दीवाल्यांना नंबर देऊन ठेवायचा आणि स्पष्ट सांगायचं की काका, काळ्या तबकड्या आल्या तर आधी मला फोन करा, किलोवर देऊ नका. आणि फोन आला की जायचं, घ्यायचं काही नसलं तरी जायचं, नाहीतर पुढच्या वेळी फोन येत नाही.

आता घ्यायचं काय. हिंदी सिनेमाच्या एलपींचा, म्हणजे मोठ्या व्हिनाइल रेकॉर्डचा, भाव विक्रेत्याला पाठ असतो, आणि त्यातली बहुतेक गाणी तुमच्या फोनवर आहेतच. मराठी माल मात्र ढिगाच्या तळाशी पडलेला असतो, नाट्यपदं, भावगीतं, लावण्या, पोवाडे, कीर्तनं, आणि यातलं कितीतरी ७८ च्या, म्हणजे लाखेच्या जुन्या तबकड्यांवरून पुढे कशावरच आलेलं नाही, म्हणजे ती तबकडी फुटली की ते गाणंच गेलं. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं असतं की पैसे थोडे असतील तर मराठी ७८ घ्या. गाणाऱ्याचं नाव ओळखीचं नसेल तर उलट जास्त लक्ष देऊन बघा.

७८ म्हणजे मिनिटाला ७८ फेरे. जड असते, बहुतेक १० इंची, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं एकच गाणं, आणि ती लाखेची असते म्हणून काचेसारखी फुटते. वाकणारी, हलकी असते ती व्हिनाइलची, त्यात छोटी ४५ ची ईपी आणि मोठी ३३⅓ ची एलपी. आपल्याकडे लाखेच्या तबकड्या १९७० च्या आसपासपर्यंत निघत होत्या, त्यामुळे अजूनही बऱ्याच सापडतात. कुत्र्याचं चित्र असलेल्या एचएमव्हीच्या सगळ्यात जास्त, कोलकात्याजवळ दमदमला त्यांचा मोठा कारखाना होता. पण यंग इंडिया असं लेबल दिसलं तर थांबा, ती आपल्या मुंबईतली, वडाळ्याची कंपनी होती. आणि अगदी सुरुवातीच्या काळातली एखादी मिळाली तर शेवटपर्यंत ऐका, गाणं संपल्यावर बऱ्याचदा गायिका स्वतःचं नाव सांगते. १९०२ साली कोलकात्यात गौहर जाननं रेकॉर्डिंग केलं तेव्हा शेवटी ‘माय नेम इज गौहर जान’ असं म्हटलं, कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या कारागिरांना कोण गातंय ते कळावं लागायचं.

एलपीवर नंबर वाचायची सवय लावा. एचएमव्हीच्या नंबराच्या सुरुवातीला ईसीएलपी असेल तर मोनो, ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. आणि कव्हर बघून कधीच पैसे देऊ नका, रेकॉर्ड बाहेर काढा, लेबल वाचा आणि कव्हरवरचा नंबर जुळतोय का बघा, कारण एकाच्या कव्हरमध्ये दुसरी रेकॉर्ड हे फारच कॉमन आहे.

तपासायची पद्धत अशी. कडेनं आणि मधल्या लेबलवर धरायची, खाचांना बोट लावायचं नाही. डोळ्यासमोर आडवी धरून फिरवायची म्हणजे वाकलीय का ते दिसतं. मग टॉर्च तिरकी मारायची. चरा खाचांना आडवा जात असेल तर त्यावरून नख अगदी हलकं फिरवा, नखाला लागला तर तिथे टक-टक येणार हे नक्की. त्यापेक्षा वाईट म्हणजे खाचेच्या दिशेनं जाणारा चरा, तिथे पिन अडकते आणि तीच ओळ परत परत वाजत राहते. आणि खाचा चकचकीत काळ्या नसून राखाडी दिसत असतील तर ती रेकॉर्ड घासून वाजवलेली आहे. आपल्याकडे पिन उडू नये म्हणून तिच्या दांडीवर नाणं ठेवायची पद्धत घरोघरी होती, त्या वजनानं खाचा खाल्ल्या जायच्या, आणि ते कुठल्याही साफसफाईनं भरून येत नाही. मधल्या भोकाभोवती लेबलवर बारीक रेघांचं जाळं असेल तर ती खूप वेळा लावलेली आहे असं समजा. पांढरे डाग दिसले तर घाबरू नका, पावसाळ्यातली बुरशी असते, बहुतेक वेळा धुतल्यावर जाते. लाखेच्या तबकडीला मात्र कडेवरून हलकं बोट फिरवून तडा आहे का ते बघाच.

भाव करताना हवी ती एकच रेकॉर्ड उचलून विचारू नका, आठ-दहा बाजूला काढा आणि सगळ्यांचे मिळून किती ते विचारा. पण विक्रेत्यानं सकाळपासून काही विकलं नसेल आणि तो बोहनीचा भाव सांगत असेल तर फार ताणू नका, त्याच माणसाकडे पुढच्या आठवड्यात जायचंय.

घरी आणल्यावर वाजवायच्या आधी धुवायची. व्हिनाइलला कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ कापड, खाचांच्या दिशेनं गोल पुसायचं, लेबल कोरडं ठेवायचं, आणि शेवटी साध्या पाण्यानं परत एकदा. लाखेला फक्त पाणी आणि तोच एक थेंब, आणि लगेच कोरडं करायचं. स्पिरिट अजिबात नाही! लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मला हे माहीत नव्हतं, सुरुवातीच्या दिवसांत एक नाट्यपदाची तबकडी मी स्पिरिटनं पुसली, कापड बघता बघता काळं झालं आणि तबकडीवर जिथे हात फिरला तिथली चमक गेली. दुसऱ्या बाजूला स्पिरिट लागलं नव्हतं, ती आजही छान वाजते, आणि पुसलेल्या बाजूला आवाजाऐवजी नुसती खरखर आहे. ती रेकॉर्ड मला परत कुठेच मिळालेली नाही, त्यामुळे हे वाचणाऱ्या एकानं जरी स्पिरिटची बाटली खाली ठेवली तरी मला बरं वाटेल.

नवीन टर्नटेबल घेताना ७८ चा स्पीड आहे का ते विचारा, बऱ्याच मशीनला ३३ आणि ४५ एवढंच असतं. पिनही वेगळी लागते, ७८ ची खाच रुंद असते, एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासत जाते आणि आवाज कमी नि खरखर जास्त येते. चावीचा ग्रामोफोन असेल तर त्यावर व्हिनाइल कधीच लावू नका, त्याची पोलादी सुई एकदा फिरली तरी व्हिनाइल गेलं.

ठेवायच्या उभ्या, पुस्तकांसारख्या, एकावर एक रचून नाही, आणि गच्चीखालच्या तापणाऱ्या माळ्यावर तर नाहीच. बाजारातून आणतानाही उन्हात उभ्या केलेल्या गाडीत सोडून चहाला जाऊ नका, एलपी वाकायला तेवढा वेळ पुरतो. आणि मराठी ७८ मिळाली असेल तर पहिल्यांदा लावाल तेव्हाच रेकॉर्डिंग करून घ्या, लेबलचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, आणि फाइलला नाव देताना गाणाऱ्याचं नाव आणि रेकॉर्डचा नंबर दोन्ही लिहा.