होम थिएटरसाठी स्वस्तातली ऑप्टिकल केबल कशी निवडावी

टीव्हीचा आवाज प्रकाशाच्या रूपात साउंडबारपर्यंत नेणारी ऑप्टिकल केबल मागवण्याआधी टीव्हीच्या मागे टॉर्च मारून बघा. टीव्ही आणि साउंडबार या दोन्हींच्या एचडीएमआय सॉकेटवर ‘एआरसी’ (एचडीएमआय केबलनेच टीव्हीचा आवाज साउंडबारला पाठवायची सोय) लिहिलेलं असेल, तर ऑप्टिकलच्या भानगडीत पडू नका. एआरसीने टीव्हीच्याच रिमोटवर आवाज कमी-जास्त होतो आणि दोन्ही उपकरणांना जमत असेल तर ॲटमॉस, म्हणजे वरूनही आल्यासारखा वाटणारा डॉल्बीचा आवाजही मिळतो. ऑप्टिकलमधून ॲटमॉस जात नाही. तिच्यातून जातो तो दोन चॅनलचा साधा डिजिटल आवाज, किंवा डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस या पद्धतींचा ५.१ (पाच स्पीकर आणि एक बासचा स्पीकर यांसाठीचा) आवाज. एआरसी नसलेला टीव्ही, जुना ॲम्प्लिफायर, सेटटॉप बॉक्स यांना मात्र ही केबल उत्तम. तिच्यात तांब्याची तार नसते, त्यामुळे अर्थिंगच्या घोळामुळे स्पीकरमध्ये येणारी घुमघुम तिच्या वाटेने येत नाही.

तोशिबाने १९८३ मध्ये ही जोडणी आणली, म्हणून खोक्यावर बरेचदा ‘टॉसलिंक’ लिहिलेलं असतं. आत साधारण १ मिलिमीटर जाडीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा धागा. एका टोकाला लाल एलईडी वेगाने लुकलुकतो, दुसऱ्या टोकाचं उपकरण ते लुकलुकणं वाचतं. प्रकाश पुरेसा पोचला की आवाज जसाच्या तसा मिळतो. कमी पोचला तर आवाज मध्येच तुटतो, टकटक होते किंवा पूर्ण बंद पडतो. महाग केबलने बास वाढत नाही की आवाज गोड होत नाही. प्लगवरच्या सोन्याच्या मुलाम्यातून काही वाहतच नाही, तेव्हा त्याचे जास्तीचे पैसे देऊ नका. दीड-दोन मीटरची चांगली केबल २०० ते ५०० रुपयांत येते आणि घरासाठी तेवढी पुरते.

खरं लक्ष द्यायचं ते लांबीकडे. टीव्हीच्या सॉकेटपासून साउंडबारपर्यंत, केबल जिथून जाणार त्याच वाटेने सुतळी लावा, सुतळी मोजा आणि ३० सेंटिमीटर जास्त धरा. हे सगळं धरून १.८ मीटर लागत असेल तर २ मीटरची घ्या, ५ची नको. उरलेल्या केबलचं घट्ट वेटोळं करून टीव्हीमागे कोंबलं की तिथेच प्रकाश गळायला लागतो. ५ मीटरपर्यंत साधी प्लॅस्टिक धाग्याची केबल बिनधास्त चालते. त्यापुढे केबलच्या दर्जाचा फरक पडायला लागतो, म्हणून परत घेण्याची सोय असेल तिथूनच घ्या. दोन तुकडे जोडून लांबी वाढवू नका, कारण सांध्यावर बराच प्रकाश वाया जातो.

दुसरी गोष्ट प्लगची. प्लगजवळ केबलवर रबरी बूट (केबल तिथे मोडू नये म्हणून असलेली नळी) असावा, आवरण सुमारे ४ मिलिमीटर जाड असावं आणि प्लग हलका असावा. धातूचे जड प्लग दिसायला भक्कम, पण आपल्याच वजनाने सॉकेटमध्ये खाली झुकतात आणि कालांतराने सॉकेट सैल होतं. टीव्ही भिंतीला चिकटून असेल तर आधी सॉकेटचं तोंड बघा. ते थेट भिंतीकडे असेल तर प्लग आणि वळण मिळून ५ सेंटिमीटर तरी जागा लागते. तेवढी नसेल तर काटकोनी प्लगची केबल घ्या. लॅपटॉपच्या किंवा छोट्या प्लेअरच्या गोल ऑप्टिकल सॉकेटला मिनी प्लग लागतो, तोही तपासा.

जोडताना प्लगच्या टोकावरची छोटी प्लॅस्टिकची टोपणं काढा. ती पारदर्शक असतात, पटकन दिसत नाहीत, आणि ‘केबल आत जातच नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा तीच असतात. प्लगचे दोन कोपरे कापलेले असतात. सॉकेटचा आकार बघून तसाच धरा आणि ‘टक्’ होईपर्यंत सरळ दाबा. जोर लावून उलटा घुसवला तर सॉकेटची झडप तुटते. कुठेही वळण ५ सेंटिमीटर व्यासापेक्षा लहान करू नका, खिळ्यावर आवळू नका, प्लॅस्टिकचे टाय सैल ठेवा. भिंतीतल्या पाइपमधून ओढताना टोपणं घालूनच ओढा आणि प्लगला नव्हे, केबलला दोरी बांधा.

आवाज आला नाही तर टीव्ही चालू ठेवून साउंडबारकडचं टोक काढा आणि तळहातासमोर धरा. हातावर लाल ठिपका दिसला तर केबल ठीक आहे, साउंडबारवर ‘ऑप्टिकल’ इनपुट निवडलंय का बघा. ठिपका नसेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑप्टिकल आउटपुट सुरू करा आणि टीव्हीकडचा प्लग पुन्हा नीट बसवा. तरीही अंधार असेल तर दुसरी केबल लावून बघा. ५.१ ऐवजी दोनच चॅनल येत असतील तर बहुधा टीव्हीचं आउटपुट ‘पीसीएम’वर (साध्या डिजिटल आवाजावर) आहे, ते ‘बिटस्ट्रीम’ (डॉल्बी किंवा डीटीएस आवाज जसाच्या तसा पाठवणारं) किंवा ‘ऑटो’ करा. डॉल्बी न समजणाऱ्या साध्या डॅकला (डिजिटल आवाजाचं ॲनालॉग आवाजात रूपांतर करणाऱ्या डबीला) मात्र ‘पीसीएम’च लागतं, नाहीतर खरखर किंवा शांतता. काही टीव्ही एचडीएमआयने आलेला ५.१ आवाज ऑप्टिकलवर दोन चॅनल करूनच सोडतात. अशा वेळी केबल बदलून फरक पडणार नाही, सेटटॉप बॉक्सचंच ऑप्टिकल सॉकेट थेट ॲम्प्लिफायरला जोडा. ओठ आणि आवाज जुळत नसतील तर टीव्हीच्या किंवा साउंडबारच्या सेटिंगमध्ये ‘ऑडिओ डिले’ थोडा थोडा बदलून बघा.

काढलेल्या केबलवर टोपणं परत घाला. धूळ बसलीच तर चष्म्याच्या कोरड्या कापडाने टोक हलक्या हाताने पुसा, बोटाने नको.