एसडीआर डाँगल लावून रेडिओचे बँड कसे ऐकायचे

इलेक्ट्रोमॅग्नेटिक स्पेक्ट्रम म्हटलं की शाळेतला तो लांबलचक चार्ट आठवतो, एका टोकाला रेडिओ, मधे प्रकाश, दुसऱ्या टोकाला गॅमा किरण. चार्टमध्ये रेडिओला एवढीशी पट्टी मिळते पण खरी गंमत तिथेच आहे, साधारण ३ किलोहर्ट्झपासून ३०० गिगाहर्ट्झपर्यंत सगळा रेडिओच. आणि ते बघायला आता लॅब वगैरे लागत नाही. यूएसबीला लावायचा एक आरटीएल-एसडीआर डाँगल (एसडीआर म्हणजे सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओ, रेडिओचं बरंचसं काम सॉफ्टवेअर करतं), लॅपटॉप आणि जीक्यूआरएक्ससारखं फुकट सॉफ्टवेअर, बास. डाँगल फक्त ऐकतो, सिग्नल सोडत नाही, त्यामुळे लायसन्सचा प्रश्न सहसा येत नाही, पण काय ऐकलेलं चालतं याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, ते आधी बघून घ्या.

सुरू करायच्या आधी ३०० हा आकडा डोक्यात फिट करा. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. १०० मेगाहर्ट्झ म्हणजे ३ मीटर. तिचा चौथा भाग म्हणजे अँटेनाची दांडी साधारण किती लांब हवी ते, इथे ७५ सेंटीमीटर. लोक महागडा अँटेना शोधत बसतात आणि डाँगलसोबत आलेली दांडी ओढून योग्य लांबीची करायचं कोणी मनावरच घेत नाही.

आता पहिल्यांदा एफएमवर जा, ८८ ते १०८ च्या मधे कुठेही, मोड वाइड एफएम. स्क्रीनवर वरून खाली सरकणारं जे चित्र दिसतं त्याला वॉटरफॉल म्हणतात, त्यात प्रत्येक स्टेशन म्हणजे साधारण २०० किलोहर्ट्झ रुंदीचा एक जाडसर पट्टा, गाणं चढलं की फुगतो, निवेदक श्वास घ्यायला थांबला की बारीक होतो. एकदम मधोमध एक रेघ कायम हटूनच बसलेली दिसेल, ती बहुतेक वेळा डाँगलचीच असते, तिच्यामागे लागू नका. मग गेन, म्हणजे आलेला सिग्नल किती वाढवायचा ते. ऑटो बंद करा आणि हळूहळू वाढवत न्या, सिग्नल वर येतोय तोवर ठीक, पण नुसती खरखरच वर यायला लागली किंवा एकच स्टेशन चार ठिकाणी दिसायला लागलं की दोन पायऱ्या खाली या.

एफएम जमलं की लगेच वर सरका, ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ, विमानांचा बँड. इथे मोड एएम करायचा, हे विसरलात तर सिग्नल दिसेल पण बोलणं धड कळणार नाही. एवढ्या जुन्या पद्धतीला विमानवाले का चिकटून आहेत? एफएममध्ये दोघं एकदम बोलले तर जोरदार सिग्नल दुसऱ्याला गिळून टाकतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. एएममध्ये दोन्ही एकात एक मिसळून शिट्टीसारखा आवाज येतो, म्हणजे निदान कळतं तरी की कोणीतरी मधे बोललंय. इथे पायलटचं बोलणं खणखणीत येईल आणि टॉवरचं कदाचित अजिबात नाही, कारण या फ्रिक्वेन्सी जवळपास सरळ रेषेत जातात, विमान उंचावर असतं आणि टॉवर मात्र बिल्डिंगांच्या मागे.

शॉर्टवेव्हचा, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झचा, मामला उलटा. हे सिग्नल आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून, परत खाली येतात म्हणून हजारो किलोमीटर लांबचं स्टेशन लागतं. दिवसा आयनोस्फिअरचा सगळ्यात खालचा थर खालच्या फ्रिक्वेन्सी शोषून घेतो, सूर्य मावळला की तो थर जवळपास विरतो, म्हणून ५-७ मेगाहर्ट्झला रात्री बसा आणि १५ च्या वर दिवसा. साधा डाँगल साधारण २४ मेगाहर्ट्झच्या खाली जात नाही, त्यासाठी अपकन्व्हर्टर (खालची फ्रिक्वेन्सी वर सरकवून डाँगलला देणारा डबा) किंवा डायरेक्ट सॅम्पलिंगवालं, म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सी थेट घेणारं, मॉडेल लागतं, आणि अँटेना म्हणून दहाएक मीटर साधी वायर, चार्जर आणि एलईडी दिव्यांपासून जमेल तेवढी लांब.

१०९० मेगाहर्ट्झवर ऐकायला काही नाही, पण विमानं तिथे आपली जागा, उंची, वेग ११२ बिटच्या छोट्या छोट्या पॅकेटमधून सारखी सांगत असतात. दांडी जेमतेम ७ सेंटीमीटर, खिडकीत ठेवा, डम्प१०९० हा ती पॅकेटं उलगडणारा प्रोग्रॅम चालवा, विमानं नकाशावर दिसायला लागतात.

वायफायचा २.४ गिगाहर्ट्झ मात्र या डाँगलच्या आवाक्याबाहेर, साधारण १.७ गिगाहर्ट्झला त्याचा दम संपतो. त्यासाठी फोनवरचं वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप पुरतं. चॅनल ५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहेत पण सिग्नल २० रुंद, म्हणून एकमेकांवर न चढणारे १, ६, ११ सोडून राउटर ३ वर वगैरे ठेवलात तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी भांडण ठरलेलं.