एआय एजंट भलतंच टूल उचलतोय? डिस्क्रिप्शनमधल्या या चुका टाळा

एआय एजंट म्हणजे असं मॉडेल, ज्याला कामं करायला टूल्स, म्हणजे तुमच्या कोडमधली फंक्शन्स, दिलेली असतात. तो चुकला की पहिला संशय मॉडेलवर जातो, मग लोक महागडं मॉडेल लावून बघतात, सिस्टीम प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला कायम दिलेल्या सूचनांमध्ये) आणखी चार ओळी कोंबतात, आणि टूल काय करतं हे सांगणारं डिस्क्रिप्शन मात्र पहिल्या दिवशी घाईत लिहिलेलं तसंच पडून असतं. आधी ते उघडा. मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही, फंक्शनच्या आत काय चाललंय याचा त्याला काही पत्ता नसतो, त्याच्यापुढे येतं ते फक्त टूलचं नाव, डिस्क्रिप्शन आणि पॅरामीटर्सचा स्कीमा, म्हणजे टूलला कोणती माहिती कुठल्या स्वरूपात द्यायची याचा आराखडा. २०२३ मध्ये आलेलं ओपनएआयचं फंक्शन कॉलिंग घ्या नाहीतर २०२४ च्या शेवटी आलेलं एमसीपी (मॉडेलला बाहेरची टूल्स जोडायची खुली पद्धत) घ्या, हे सगळीकडे सारखंच आहे.

एका ओळीत उरकणं

समजा शेतकऱ्यांना बाजारभाव सांगणारा एजंट बनवताय. टूलचं नाव 'गेट_डेटा' आणि डिस्क्रिप्शन 'भाव आणतो'. कुणीतरी विचारतं, "लासलगावला कांदा काय चाललाय?" टूलकडून १८०० हा नुसता आकडा येतो. बाजार समितीत भाव क्विंटलवर निघतो हे तुम्हाला माहितीये, पण टूलने ते कुठेच सांगितलेलं नाही, त्यामुळे एजंट कधी नुसतं "१८०० रुपये" म्हणतो आणि कधी चक्क किलोचा भाव म्हणून सांगून मोकळा होतो. आता टूलचं नाव 'भाव_शोधा' ठेवा आणि डिस्क्रिप्शन असं लिहून बघा:

"महाराष्ट्रातल्या एका बाजार समितीतला, एका शेतमालाचा, एका दिवसाचा भाव देतं. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर येतात, तिन्ही रुपये प्रति क्विंटल. एकापेक्षा जास्त दिवसांचे भाव हवे असतील तर 'भाव_इतिहास' वापरा. दुकानातल्या किरकोळ भावासाठी किंवा पुढच्या अंदाजासाठी हे टूल नाही. त्या दिवशी लिलाव झाला नसेल तर रिकामी यादी येते, त्याचा अर्थ भाव शून्य असा नाही."

लांब वाटतंय ना? पण यातलं एकही वाक्य काढून टाकण्यासारखं नाही. क्लॉड बनवणाऱ्या अँथ्रॉपिकच्या डॉक्युमेंटेशनमध्येही प्रत्येक टूलला किमान ३-४ वाक्यं द्या असंच म्हटलंय. आणि शेवटचं वाक्य तर अजिबात विसरू नका, बाजार बंद असतो त्या दिवशी एजंटने "आज भाव मिळाला नाही" म्हणायच्या ऐवजी काहीतरी ठोकून दिलं तर माल काढायचा की ठेवायचा हे त्या माणसाने त्यावर ठरवलेलं असू शकतं.

"हे कधी वापरू नये" न लिहिणं

दोन टूल्स दिसायला सारखी असली की गोंधळ इथेच होतो. 'भाव_शोधा' आणि 'भाव_इतिहास' दोन्हीत 'कांद्याचे भाव देतं' एवढंच लिहिलं तर मॉडेलने निवड करायची कशावर? दोघांत एकमेकांचं नाव घेऊन हद्द आखून द्या. आणि हद्द आखताच येत नसेल तर मुळात दोन टूल्सची गरजच नाही, एकत्र करून टाका. प्रत्येक डिस्क्रिप्शन सहसा प्रत्येक रिक्वेस्टबरोबर मॉडेलकडे जातं, टोकन (मॉडेल मजकूर मोजतं ते तुकडे) खातं, शिवाय टूल्स वाढली की चुकीची निवडही वाढते. ओपनएआयच्या गाइडमध्येही एका वेळी २० पेक्षा कमी फंक्शन्स ठेवा असा सल्ला आहे.

पॅरामीटर्स मोकळे सोडणं

'तारीख: स्ट्रिंग' (म्हणजे कसलाही मजकूर) एवढंच लिहिलं की ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे हा वाद सुरू. फॉरमॅट लिहा, एक नमुना द्या, '२०२५-०६-०५' असा. "आज" म्हणजे कोणती तारीख हे मॉडेलला आपोआप कळत नाही, ती सिस्टीम प्रॉम्प्टमध्ये द्या किंवा तारीख रिकामी सोडली तर आजचा भाव येईल असं टूलमध्येच ठेवा आणि तसं लिहा. जिथे ठरावीकच पर्याय आहेत तिथे एनम (पर्यायांची बंद यादी) वापरा. कांद्याचा प्रकार लाल, उन्हाळी, पोळ असा असेल तर यादी देऊन टाका. लासलगाव, लासलगाव-विंचूर आणि लासलगाव-निफाड असे वेगळे बाजार यादीत असतील तर नुसतं "लासलगाव" म्हटल्यावर कोणता धरायचा तेही सांगा. डिस्क्रिप्शन इंग्रजीत लिहिलं तरी चालतं, पण लोक जे शब्द बोलतात ते त्यात मराठीतच येऊ द्यात.

ओरडून सांगणं

"नेहमी हेच टूल वापरा!!! अत्यंत महत्त्वाचं!!!" असं लिहिलं की कुणी साधा नमस्कार केला तरी एजंट भाव शोधायला पळतो. परिस्थिती सांगा, "वापरकर्त्याने ठरावीक बाजारातला भाव विचारला तर", बास.

एरर मेसेज मुका ठेवणं

हे डिस्क्रिप्शनमध्ये येत नाही पण वाचणारं मॉडेल तेच आहे. नुसतं 'एरर ४००' (विनंती चुकीची) आलं की एजंट तोच कॉल पुन्हा पुन्हा मारत बसतो. त्याऐवजी "'नाशिक' हा जिल्हा आहे, बाजाराचं नाव द्या, उदा. पिंपळगाव बसवंत" असं परत पाठवा, बहुतेक वेळा पुढच्याच कॉलला तो सुधारतो.

एसएमएस पाठवणं, ऑर्डर रद्द करणं असली टूल्स असतील तर ती काय बदलतात आणि परत घेता येतं का हे स्पष्ट लिहाच, पण तेवढ्यावर विसंबू नका. एमसीपीमध्ये 'हे टूल काही पुसू शकतं' असं सांगायची सोय आहे, पण ती नुसती सूचना असते. माणसाला विचारून मगच पुढे जायचं हे कोडमध्ये पक्कं करा.

बिघाड शोधताना लॉग (एजंटने काय काय केलं याची नोंद) उघडा आणि आधी एवढंच बघा: टूल चुकीचं निवडलं, टूल बरोबर पण पॅरामीटर चुकला, की दोन्ही बरोबर असून उत्तर वाचताना घोळ झाला. पहिलं असेल तर डिस्क्रिप्शनमधली हद्द बघा, दुसरं असेल तर स्कीमा, तिसरं असेल तर आउटपुटमधली युनिटं आणि फील्डची नावं, 'व्हॅल्यू' ऐवजी 'सर्वसाधारण_दर_प्रति_क्विंटल' असं. टेस्टसाठीचे प्रश्न लोक टाइप करतात तसेच घ्या, "कांदा काय रेट", "काल पिंपळगावला किती होता" असे. एका वेळी एकच वाक्य बदला आणि तेच सगळे प्रश्न परत चालवा, कारण एका टूलचं डिस्क्रिप्शन सुधारलं की शेजारच्या टूलकडे जाणारे प्रश्नही कधी कधी त्याच्याकडे वळतात.