चिडलेल्या पोरांचा सिनेमा का फसतो? या चुका टाळा

शहरातल्या बंडखोर, पंक पोरांवरचा सामाजिक सिनेमा पडला की दोष बजेटला नाहीतर नटांना दिला जातो. बहुतेक वेळा खोट संहितेतच असते. पोरगं चिडलेलं दिसतं, पण कशावर चिडलंय ते कळत नाही.

चुकीची सुरुवात केसांपासून होते. उभे रंगवलेले केस, फाटकं जॅकेट, त्याला सेफ्टी पिना. १९७६ च्या सुमारास लंडनमध्ये पंक, म्हणजे रॉक संगीतातली बंडखोर लाट, उसळली तेव्हा बेकारी वाढलेली होती. गिटारचे तीन कॉर्ड आले तरी पोरं बँड काढत होती, कुणाच्या परवानगीची वाट बघत नव्हती. ती धमक सोडून आपण पिना तेवढ्या उचलतो. मग कोल्हापूरच्या राजारामपुरीत उभा केलेला नायक फॅन्सी ड्रेसमधून आल्यासारखा वाटतो. कोल्हापुरातला राग बघायचा तर सायलेन्सर काढलेली गाडी बघा, मिरवणुकीतल्या डॉल्बीपुढचा नाच बघा, शाहू स्टेडियमवर पेठेच्या फुटबॉल संघासाठी घसा फोडणारी पोरं बघा.

सगळ्यात मोठी चूक पैशांची. नायक दिवसभर गाडीवर फिरतो, मग पेट्रोल कोण भरतं? तो शिरोलीच्या फाउंड्रीत कंत्राटावर होता आणि काम सुटलं? की बहिणीच्या पगारावर घर चाललंय आणि त्याला ते सलतंय? हे लिहिताना ठरलं नसेल तर पुढचा सगळा आरडाओरडा हवेत जातो. दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात १९२५ साली ‘सावकारी पाश’ केला. मूकपट तो. सावकाराच्या खोट्या कागदानं शेतकऱ्याची जमीन जाते आणि त्याला शहरात गिरणीत राबावं लागतं. तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. पात्रांचा आवाज ऐकवायची सोयच नव्हती, तरी राग कुणावर आहे याची शंका राहत नाही. तुमचा रफ कट, म्हणजे सिनेमाची पहिली कच्ची जोडणी, एकदा आवाज बंद करून बघा. राग कळला नाही, तर नवे संवाद लिहू नका, प्रसंग बदला.

गच्चीवरचं ‘ही व्यवस्था सडलीय’ छापाचं भाषण सरळ काढून टाका. आणि बोली जपा. मंगळवार पेठेतलं पोरगं मित्राला ‘काय करायलास?’ असंच विचारणार.

बापाला खलनायक करायचा मोहही आवरा. मला तर वाटतं, सिनेमातला सगळ्यात बिनतोड मुद्दा बापाच्याच तोंडी द्यावा. पोराला त्याचं उत्तर सापडत नाही, तिथं खरं नाट्य सुरू होतं.

शेवट अडला की पोराला मारून टाकतात, नाहीतर सुधारून नोकरीला लावतात. दोन्ही पळवाटाच. काम सुटल्यामुळे तो चिडला असेल, तर शेवटच्या रिळातही कामाचा प्रश्न समोर उभा पाहिजे. एडिट पक्कं करण्याआधी पेठेतल्याच पोरांना कट दाखवा. गंभीर प्रसंगात ती हसली, तर समजावून सांगत बसू नका, तो प्रसंग पुन्हा लिहा.