मिश्रणातल्या मूलद्रव्याचे मोल: आधी वेगळे, मग बेरीज

मिश्रणाचं गणित आलं की मुलं दोन्ही वजनं एकत्र करून भागाकार करतात आणि तिथेच फसतात. उदाहरणार्थ, ५.३ ग्रॅम सोडियम कार्बोनेट (Na₂CO₃) आणि १६.८ ग्रॅम खाण्याचा सोडा (NaHCO₃) मिसळलाय. सोडियमचे मोल किती?

१. प्रत्येक पदार्थाचे मोल वेगळे काढा, म्हणजे वजनाला त्याच्या एका मोलच्या वजनाने (ग्रॅममध्ये) भागा. कार्बोनेट: ५.३ ÷ १०६ = ०.०५. खाण्याचा सोडा: १६.८ ÷ ८४ = ०.२.
२. सूत्रात ते मूलद्रव्य किती वेळा येतं, त्याने गुणा. कार्बोनेटमध्ये सोडियम दोनदा, म्हणून ०.१, खाण्याच्या सोड्यात एकदाच, म्हणून ०.२.
३. बेरीज: ०.३ मोल.

ऑक्सिजन हवा असेल तर पहिली पायरी तशीच ठेवायची, फक्त गुणक बदलायचा. दोन्हीकडे ३, म्हणजे ०.१५ + ०.६ = ०.७५. मी समासात पदार्थ, मोल, गुणक असे तीन उभे रकाने आखते. परीक्षेत खाडाखोड वाचते.

एक मात्र बघा: प्रश्नात 'धुण्याच्या सोड्याचे स्फटिक' असं असेल तर ते सोडियम कार्बोनेटच, पण त्याच्या सूत्रात पाण्याचे १० रेणू धरलेले असतात. मग भागायचं २८६ ने, १०६ ने नाही. तेच ५.३ ग्रॅम घेतले तर त्यातून सोडियम जेमतेम ०.०३७ मोल निघतं.