पाय जमिनीवर, मन थाऱ्यावर: रोजच्या धावपळीत योग आणि सजगता कशी आणावी

मनाची अवस्था सांगताना मराठी माणूस बऱ्याचदा पायांबद्दल बोलतो. वाईट बातमी कळली की पायाखालची जमीन सरकते. भीतीने पाय लटपटतात. ज्याला यश डोक्यात जाऊ द्यायचं नसतं, त्याचे पाय जमिनीवर असतात. या वाक्प्रचारांत एक उपयोगी गोष्ट दडलेली आहे, असं मला मनापासून वाटतं. मन थेट पकडीत येत नाही. त्याला ‘शांत हो’ म्हटलं की ते आणखी उसळतं. पाय कुठे टेकलेत हे मात्र कुठल्याही क्षणी तपासता येतं, आणि तेवढं तपासलं की मनही थोडा वेळ तिथे येऊन थांबतं.

हे मला कळलं ते घरात मोठं आजारपण आलं तेव्हा. रात्री दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये उभा होतो, डोक्यात दहा विचार एकदम धावत होते. चपला काढल्या आणि फरशीचा गारवा तळव्यांना लागला. आधी टाचेला, मग अंगठ्याच्या उंचवट्याला. मधल्या कमानीला लागलाच नाही, कारण ती फरशीला टेकतच नव्हती. एवढं निरखेपर्यंत श्वास आपोआप खाली उतरला. परिस्थिती तीच होती, पण मी भानावर आलो होतो आणि डॉक्टर पुढे काय सांगत होते ते मला नीट ऐकू आलं.

‘माइंडफुलनेस’ या शब्दासाठी आपल्याकडे ‘सजगता’ म्हणतात. मला त्याहून ‘भान’ हा शब्द जवळचा वाटतो. भान सुटतं, भान हरपतं आणि माणूस पुन्हा भानावर येतो. सगळा सराव या शेवटच्या क्रियेचा आहे. योग आणि सजगता या दोन वेगळ्या गोष्टी मानायचंही कारण नाही. 1979 साली जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताण कमी करण्याचा कार्यक्रम सुरू केला. पुढे तो 8 आठवड्यांचा अभ्यासक्रम म्हणून जगभर गेला. त्यात बसून केलेलं ध्यान होतं, अंगभर लक्ष फिरवणं होतं आणि सौम्य हठयोगही होता.

पायरी 1: उठल्यावर आधी पाय टेकवा

डोळे उघडल्यावर हात मोबाइलकडे जातो. तो पाच मिनिटं उशिरा जाऊ द्या. अंथरुणाच्या कडेला बसा, दोन्ही तळवे जमिनीला लावा आणि तीन श्वास घ्या. आज काय काय करायचंय याची यादी मनात सुरू होईलच, ती थांबवायच्या मागे लागू नका. फक्त तळव्यांना जमीन गार लागते की कोमट, एवढं बघा. शक्य असेल तर मोबाइल रात्रीच दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. सकाळी मनाला आवरण्यापेक्षा ते कितीतरी सोपं आहे.

पायरी 2: ताडासन नीट शिका

एकच आसन करायचं असेल तर मी ताडासन सांगेन. बघणाऱ्याला वाटतं, हा नुसता उभा आहे. पण नीट उभं राहणं आपल्याला येत नाही हे ताडासन करायला लागल्यावरच लक्षात येतं.

पाय जोडून किंवा त्यांत चार बोटांचं अंतर ठेवून उभे राहा. पायाची सगळी बोटं उचला, पसरा आणि एकेक करून खाली ठेवा. आता वजन कुठे आहे ते शोधा. अनेकांचं ते टाचांवर किंवा एकाच पायावर असतं. थोडे पुढे झुका, थोडे मागे जा, डावीकडे-उजवीकडे डुला आणि हळूहळू मध्यावर या. अंगठ्याचा उंचवटा, करंगळीचा उंचवटा आणि टाच अशा तीन ठिकाणी वजन सारखं वाटलं गेलं पाहिजे. गुडघे मागे ताणून कुलूप लावल्यासारखे घट्ट करू नका. पोट जरासं आत, खांदे कानांपासून दूर आणि हनुवटी जमिनीला समांतर.

मग दहा श्वास काहीच करू नका. शरीर स्थिर दिसतं, पण घोट्याभोवतीचे स्नायू सतत बारीक बारीक दुरुस्त्या करत असतात. ही थरथर जाणवायला लागली की आसन खऱ्या अर्थाने सुरू झालं. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाची व्याख्या तीन शब्दांत मावते: स्थिर, सुख, आसन. जे स्थिर आहे आणि सुखाचं आहे ते. शरीर किती वाकतं, याचा त्यात उल्लेखही नाही. त्यामुळे ‘माझं अंग लवचीक नाही, मला योग जमणार नाही’ असं कुणी म्हटलं की वाईट वाटतं. ज्याला आधार घेऊन का होईना, उभं राहता येतं त्याला सुरुवात करता येते. ज्याला उभं राहता येत नाही त्याने खुर्चीत बसून पाय टेकवावेत, पाठ सरळ ठेवावी आणि हेच निरीक्षण करावं.

पायरी 3: दहा मिनिटांचा छोटा क्रम

ताडासनानंतर तीन आसनं पुरतात.

मार्जारासन: हात आणि गुडघे टेकवा. श्वास घेताना पाठ खाली जाऊ द्या आणि नजर वर न्या, सोडताना पाठीची कमान वर करा आणि डोकं सैल सोडा. आठ-दहा वेळा. हालचाल श्वासाच्या वेगाने व्हावी, श्वास हालचालीच्या वेगाने नव्हे.

वृक्षासन: एका पायावर उभे राहा, दुसऱ्याचा तळवा पोटरीला किंवा मांडीच्या आतल्या बाजूला लावा. गुडघ्यावर कधीही दाबू नका. समोरच्या एका स्थिर बिंदूवर नजर ठेवा. नजर भिरभिरली की तोल जातो, आणि विचारात बुडालात तरी तोल जातो. म्हणून हे आसन मला फार प्रामाणिक वाटतं, लक्ष उडालं हे ते तिथल्या तिथे सांगतं. तोल गेला तर पाय खाली ठेवा आणि पुन्हा उचला. भिंतीला एक हात लावून केलं तरी चालतं.

बालासन: गुडघ्यांवर बसून पुढे झुका, कपाळ जमिनीला किंवा उशीला टेकवा. गुडघे दुखत असतील तर मांडी आणि पोटरीच्या मध्ये घडी केलेली चादर ठेवा. इथे एक-दोन मिनिटं थांबा. कपाळाला आधार मिळाला की जबडाही सैल पडतो, तो किती आवळला होता हे तेव्हा कळतं.

पाठीचा, मानेचा किंवा गुडघ्याचा जुना त्रास असेल, गर्भारपण असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा काचबिंदू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि जाणत्या शिक्षकासमोर सुरुवात करा. ताण जाणवणं ठीक आहे. टोचरी, झिणझिणणारी वेदना आली तर तिथेच थांबायचं.

पायरी 4: श्वास सोडण्याकडे लक्ष द्या

घाबरलेल्या माणसाला आपण म्हणतो, ‘मोठा श्वास घे.’ खरा उपयोग सोडण्याचा होतो. मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी बघा. श्वास घेताना ती जराशी वेगाने चालते, सोडताना थोडी मंदावते. तरुण माणसांत हा फरक जास्त स्पष्ट असतो. हृदयाला सावकाश चालायला सांगणारी व्हेगस नावाची नस उच्छ्वासाच्या वेळी अधिक सक्रिय असते, त्याचा हा परिणाम. म्हणून उच्छ्वास लांबवला की शरीराला ‘धोका टळला’ असा निरोप पोहोचतो.

कसं करायचं? नाकाने 4 आकडे मोजत श्वास घ्या, 6 मोजत सोडा. साधारण सेकंदाला एक आकडा धरला तर मिनिटाला 6 श्वास होतात. एरवी आरामात बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला 12 ते 20 श्वास घेतो, तेव्हा हा वेग पुष्कळ संथ आहे. सुरुवातीला 3 आणि 4 असं मोजा, ओढाताण नको. मध्ये श्वास रोखून धरू नका. कुंभक हा शिक्षकाच्या देखरेखीखाली शिकायचा भाग आहे. गरगरल्यासारखं झालं तर मोजणं सोडून नेहमीसारखा श्वास घ्या. मोजण्याचा कंटाळा येणाऱ्यांनी भ्रामरी करावी: ओठ मिटून, श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव. आवाज लांबवायच्या नादात उच्छ्वास आपसूक लांबतो. पाच आवर्तनं पुरे.

पायरी 5: पाच मिनिटं नुसते बसा

खुर्ची चालेल, मांडी घालून बसलात तरी चालेल. नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास किंवा पोटाची वर-खाली होणारी हालचाल, यातलं एक निवडा आणि तिथे लक्ष ठेवा. दोन-तीन श्वासांत मन निघून जाईल. कालचं भांडण, उद्याची मीटिंग, कुणाचा तरी राहिलेला फोन. मग कधीतरी लक्षात येईल की आपण इथे नव्हतो.

हा क्षण फार मोलाचा आहे. बहुतेक लोक याच ठिकाणी स्वतःवर चिडतात आणि ‘मला ध्यान जमत नाही’ म्हणून उठतात. प्रत्यक्षात मन भरकटल्याचं कळलं तेव्हाच भान जागं झालेलं असतं. मनातल्या मनात ‘विचार’ एवढाच शब्द म्हणा आणि श्वासाकडे परत या. पाच मिनिटांत वीस वेळा परत यावं लागलं तर वीस वेळा सराव झाला.

डोळे मिटून बसल्यावर काहींना बरं वाटण्याऐवजी अस्वस्थ वाटतं, विशेषतः मनावर मोठा आघात झालेल्यांना. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, समोरच्या एखाद्या वस्तूकडे बघावं किंवा बसण्याऐवजी सावकाश चालावं. झोप उडालेली असेल, भीतीचे झटके येत असतील किंवा उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. तो उपचार चालू ठेवून हा सराव करता येतो, त्याच्या जागी नाही.

पायरी 6: दिवसात तीन खुणा ठरवा

सकाळचं सगळं दुपारपर्यंत विरून जातं, ही तक्रार खरी आहे. म्हणून जे आपण रोज करतोच, अशा तीन गोष्टींना भान बांधून टाका. दाराची कडी हातात आली की एक श्वास. फोन वाजला की पहिली रिंग नुसती ऐकायची, दुसरीला उचलायचा. हात धुताना पाण्याचा स्पर्श, साबणाचा बुळबुळीतपणा, मग बोटांवरून तो निघून जाताना होणारी हलकी करकर. वीस सेकंदांचं काम आहे, पण या वेळात हात एकीकडे आणि मन दुसरीकडे असं होत नाही. जिने चढताना, रांगेत उभं असताना, सिग्नलला थांबल्यावर पाय कसे टेकलेत ते बघता येतं. तीनपेक्षा जास्त खुणा ठरवू नका, एकही लक्षात राहत नाही.

पायरी 7: राग किंवा घालमेल आली तर

आधी तळवे जमिनीवर दाबा, उभे असाल तर ताडासनासारखे. मग तीन लांब उच्छ्वास. तरीही मन थाऱ्यावर येत नसेल तर डोळ्यांना दिसणाऱ्या पाच गोष्टी मनात उच्चारा, स्पर्शाला जाणवणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, दोन वास आणि एक चव. ‘निळा पडदा, खुर्चीचा हात, पंख्याची सावली’ इतकं साधं. राग दाबून टाकायचा नाही. छातीत गरम वाटतंय, कान तापलेत, मुठी वळल्यात, हे बघायचं. उत्तर द्यायचंच आहे, पण ते या तीन श्वासांनंतर द्या. लिहिलेला मेसेज पाठवण्याआधीही हाच नियम लावा.

पायरी 8: रात्री शवासन

पाठीवर झोपा, हात अंगापासून थोडे दूर, तळवे वर. पायाच्या बोटांपासून सुरुवात करून लक्ष हळूहळू वर आणा: तळवे, पोटऱ्या, गुडघे, मांड्या, पोट, छाती, खांदे, जबडा, कपाळ. प्रत्येक ठिकाणी एक-दोन श्वास थांबा आणि तो भाग अंथरुणावर सोडून द्या. मध्येच झोप लागली तर लागू द्या. पाठ दुखत असेल तर गुडघ्यांखाली उशी घ्या.

किती आणि किती दिवस

सकाळी पंधरा ते वीस मिनिटं, दिवसभरातल्या तीन खुणा आणि रात्रीची दहा मिनिटं. यापेक्षा मोठा बेत आखू नका. योगसूत्रांत म्हटलंय की अभ्यास दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने केला की तो ‘दृढभूमि’ होतो. भूमी हाच शब्द तिथेही आला आहे. रविवारी दीड तास आणि आठवडाभर काही नाही, यापेक्षा रोज दहा मिनिटं केव्हाही चांगली.

तरी खंड पडेल. पाहुणे येतील, प्रवास असेल, ताप येईल. अशा वेळी चुकलेले दिवस भरून काढायला पूर्ण क्रमाचा घाट घालू नका. ज्या सकाळी आठवेल त्या सकाळी पाय टेकवा, ताडासनात उभे राहा, दहा श्वास मोजा आणि कामाला लागा. बाकीची आसनं दुसऱ्या दिवशी.