जुन्या वस्तूंच्या दुकानातला वाळका समुद्री प्राणी ओळखायचा कसा? आधी उलटा करा

चोर बाजारात, मटन स्ट्रीटवरच्या एखाद्या दुकानात दिवे आणि ग्रामोफोन यांच्या मागे कधीतरी अशी चीज टांगलेली दिसते: तपकिरी, कडकडीत वाळलेली, माणसासारखं तोंड, दोन पाय, पंख आणि लांब शेपूट. दुकानदार सांगेल, ‘दो सौ साल पुराना पीस है साहब, समंदर का शैतान’. ऐकून घ्या. त्या गोष्टीवरून प्राणी ओळखता येत नाही, किंमत मात्र वाढते.

हात लावण्याआधी हातमोजे घाला आणि वास घेऊन बघायचा मोह आवरा. वाळवलेल्या, पेंढा भरलेल्या प्राण्यांना कीड लागू नये म्हणून पूर्वी आर्सेनिक चोळत असत. भिंग आणि मोबाइलची टॉर्च एवढी हत्यारं पुरतात.

सोपे प्राणी लगेच बाजूला काढा. मध्यापासून पाच सारखे भाग दिसले तर तो तारामासा किंवा सागरी अर्चिन. घुमटासारखं कवच आणि मागे भाल्यासारखी ताठ शेपटी असली तर हॉर्सशू क्रॅब. तो आपल्याकडे ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर सापडतो. षटकोनी तुकड्यांचं घट्ट खोकं म्हणजे बॉक्सफिश. अंगभर काटे आणि दातांची चोच झालेली असेल तर केंड माशाचा (पफरफिशचा) काटेरी भाऊबंद. समुद्रघोडा कुणालाही ओळखता येतो.

खरी अडचण त्या ‘शैताना’ची. सगळे इथेच अडकतात, कारण सगळे आधी त्याच्या तोंडाकडे बघतात. ते डोळे डोळे नसतात, हे डोक्यात पक्कं बसेपर्यंत पुढे जाऊ नका. हा बहुतेक वेळा पाकट, म्हणजे लांब शेपटीचा चपटा मासा, किंवा त्याचा नातलग गिटारमासा असतो. कापून, पिळून, दोरीने आवळून वाळवलेला. युरोपात याला जेनी हॅनिव्हर म्हणतात. हा धंदा इतका जुना आहे की स्विस निसर्गअभ्यासक कोनराड गेस्नर याने 1558 सालीच, हे राक्षस नसून बिघडवलेले पाकट आहेत, असं चित्रासकट लिहून ठेवलं होतं. तरी गिऱ्हाईक फसायचं थांबलेलं नाही.

पाकटाची पोटाकडची बाजू आठवा. कोळणीकडे पालथा पडलेला पाकट उलटून पाहिला असेल तर काम सोपं होईल. त्या बाजूला वर दोन नाकपुड्या आणि खाली आडवं तोंड असतं. ताज्या माशातही तो चेहराच वाटतो. वाळताना नाकपुड्या खोल जातात, तोंड ताणलं जातं आणि आपला मेंदू उरलेलं काम करतो. आता वस्तू उलटी करा. पाकटाचे खरे डोळे पाठीकडच्या बाजूला असतात आणि प्रत्येक डोळ्याला लागून मागे एक छिद्र असतं, पाणी आत घेण्याचं. वाळल्यावर डोळे चिंबून जातात, तरी खोबण्या आणि छिद्रं राहतात. ती सापडली की प्रश्न मिटला.

खात्री करायला आणखी खुणा आहेत. ‘छाती’वर दोन्ही बाजूंना पाच-पाच चिरा मोजा, लोक त्यांना बरगड्या समजतात, पण त्या कल्ल्यांच्या फटी आहेत. ‘पाय’ म्हणजे बहुधा नराची मिलनाची दोन अंगं. ‘पंख’ म्हणजे कापून वेगळे केलेले कडेचे पर. मानेभोवती दोरीचा वळ शोधा, नसला तरी तिथली आवळलेली कातडी बोलते. त्वचेवर बोट फिरवा: खवले हाताला लागत नाहीत, बऱ्याच जातींत पॉलिश पेपरसारखा खरखरीतपणा लागतो. हे सगळं कूर्चेचं अंग असल्यामुळे आत माशाचे काटे नसतात. मोबाइलने चेहऱ्याचा फोटो काढून ॲपला विचारण्याच्या भानगडीत पडू नका. बनवणाऱ्याने फसवायला घडवलेली बाजूच तुम्ही ॲपला दाखवणार. ते तरी काय सांगणार?

जलपरी असेल तर कंबर बघा. वर माकड, खाली मासा, असा जोड देऊन बनवलेली ‘फिजीची जलपरी’ 1842 मध्ये अमेरिकन तमाशेवाला पी. टी. बार्नम याने न्यूयॉर्कमध्ये दाखवली होती. जपानमधल्या ओकायामातल्या एका मंदिरातली जलपरी 2022 मध्ये सीटी स्कॅनखाली गेली. आत माकडाचा सांगाडा नव्हता, कागद, कापड आणि कापूस निघाला. तेव्हा ‘एक्स-रे काढलाय’ एवढ्यावर दबून जाऊ नका, त्यात काय दिसलं ते विचारा.

काळ्या फांद्यांची जाळी फ्रेममध्ये घालून ‘इंद्रजाल’ म्हणून, वास्तुदोष घालवणारी वनस्पती म्हणून विकतात. ती वनस्पती नाही. ते सी फॅन किंवा काळं प्रवाळ असतं, म्हणजे प्राण्यांची वसाहत. कायदा इथेच आडवा येतो. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत सी फॅन, काळं प्रवाळ, समुद्रघोडे, सागरी काकड्या आणि करवत मासा आहेत. ‘आजोबांच्या काळातलं आहे’ म्हणून खरेदी-विक्री माफ होत नाही. यांतलं काही निघालं तर पैसे काढू नका, दुकानदाराने कितीही धीर दिला तरी. गिटारमाशांच्याही काही जाती संरक्षित आहेत, म्हणून जेनी हॅनिव्हरसुद्धा जात कळेपर्यंत विकत घेऊ नये.

जात कळायला जाणकाराचीच नजर लागते. मुंबईत बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) आहे, पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे. त्यांना एकच ‘भारी’ फोटो पाठवू नका. पाठ, पोट, दोन्ही बाजू, तोंड जवळून आणि शेपटीचं मूळ, असे फोटो हवेत. प्रत्येकात शेजारी सेंटिमीटरची पट्टी. फ्लॅश बंद ठेवा, उजेड बाजूने येऊ द्या, म्हणजे चिरा आणि खोबण्या उठून दिसतात. काचेच्या पेटीत असेल तर पेटी उघडायला लावा. दुकानदार पाठीची बाजू दाखवायला तयार नसेल, तर पुढच्या दुकानात चला.